पलतडीचे गाणे

‘हांव सायबा पलतडी वैतां’ ही कोंकणी देखणी गोव्याबाहेरच्या बहुतेकांच्या कानी पडली ती ‘बॉबी’ या हिंदी बोलपटामुळे. राज कपूर यांचा हा बोलपट १९७३ साली प्रदर्शित झाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी या चालीवर ‘ना चाहूं सोना चांदी’ हे गीत बांधले आणि मन्ना डे व शैलेंद्र सिंग यांनी ते समूहस्वरांच्या साथीने गायिले. गाणे लोकप्रिय झाले यात वाद नाही. वाद आहे तो लोकप्रियतेच्या मोजणीत काय गळून पडते याविषयी.

ती मोजणी आपल्याकडे सुरू झाली १९५२ साली. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांस आळा घातला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे अमीन सयानी यांनी ‘बिनाका गीतमाला’ मांडली. श्रोत्यांची पत्रे, तबकड्यांच्या दुकानांतील खप व श्रोतासंघांचा कौल यांवरून गीतांस ‘पायदान’ मिळे. घराघरांत बुधवारची संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवलेली असे. सयानी यांचे २०२४ साली निधन झाले तेव्हा त्या आवाजाविषयी पुष्कळ लिहिले गेले, व ते योग्यच होते. परंतु त्या शिडीवर गीताशेजारी चित्रपट, गायक, संगीतकार यांची नावे असत. गीताच्या कुळगोत्राचा रकाना नव्हता. येथे सचिनला गणेशोत्सवात एका गायकवृंदाने हीच चाल ‘बॉबीची’ म्हणून गायिली, तेव्हा मांडवात कोणासही त्यात काही खटकले नाही.

मूळ गीतातील प्रसंग साधा आहे. देवळातील कलावंतीण नदीकाठी येऊन तारवाल्यास विनविते : पलीकडे दामूच्या लग्नात जावयाचे आहे, वाट ठाऊक नाही, मला पार ने. तो ऐकत नाही. ती अंगावरचे दागिने एकेक करून देऊ करते व तो ‘नको’ म्हणत राहतो. ‘घे’ हा शब्द पुनःपुन्हा येतो तो या देऊ करण्याचा. देणारीजवळ तेवढेच आहे, म्हणून त्या आवर्तनास कारुण्य आहे, आणि नाचाच्या ठेक्यामुळे ते कारुण्य झाकलेही जाते. हिंदी गीताने हे ‘घे’ तसेच ठेविले, पण ते प्रेमात देवघेव नसते असे बजावणाऱ्या शब्दांस जोडले. ज्या शब्दाने सौदा मांडला, तोच सौद्याच्या निषेधास लावला गेला! कानाला हे गोड लागते, हे मी नाकारीत नाही. ठेका उडता आहे, समूहाचा जोर उत्तम आहे. मात्र नदी नाहीशी झाली.

आणि नदी हेच तर या गीताचे मर्म. आपल्या वाचकांस ‘पलतड’ हा शब्द निराळा सांगावयास नको. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून जुवारीपलीकडे प्रियोळास गेले, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. देव पलतडी गेले आणि त्यांची सेवा करणाऱ्या स्त्रियाही पलतडीच्याच झाल्या. अलीकडच्या ख्रिस्ती घरांत ही देखणी रंगली, ती पलीकडच्या देवळांच्या जगाकडे पाहत. ‘देखणी’त घुमटाचा ठेका आणि पाश्चात्य स्वरबांधणी शेजारी बसतात त्याचे कारण हेच.

रचनेचे श्रेय कार्लुस एउजेनियो फेर्रैरा (१८६०–१९३२) यांस दिले जाते. गीत प्रथम १८९५ साली पॅरिसला छापले गेले असे सांगतात. आता वकिली पेशामुळे एक हिशेब सुचतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये त्या काळी हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षे टिकत असे. तो अवधी ६० वर्षांचा झाला १९९२ साली. पोर्तुगीज अमलातील प्रकाशनाचा गुंता क्षणभर बाजूस ठेविला व श्रेय खरे धरिले, तर १९७३ साली ही रचना स्वामित्वाबाहेर गेलेली नव्हती. १९८२ अखेर जावयाची होती. ती निव्वळ लोकगीत ठरली तर मालकच उरत नाही, आणि ‘लोकगीत’ या शब्दाची सोय नेमकी येथे होते. परंतु नावाचा हक्क पैशाच्या हक्काहून वेगळा, हे त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने मानिले आहे. हा दावा कोणी लढविला असता तर काय निकाल लागता, हे सांगणे कठीण. तरी निदान श्रेयाचा प्रश्न ऐरणीवर आला असता.

मूळ गीतही मात्र निर्दोष म्हणता येणार नाही. कलावंतिणीकडे पाहणारी दृष्टी त्यातही परक्याची, किंचित कौतुकाची आहे. याच समाजाने मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर यांच्यासारख्या गायिका दिल्या. त्या स्वतःच्या नावाने ऐकल्या गेल्या. देखणीत वराचे नाव दामू म्हणून येते. दागिने काढून देणारी मात्र अखेरपर्यंत निनावीच राहते.