साच्यातून निघालेलं सत्य

डब्लिनला पाहुणे आले की आपण त्यांना फीनिक्स पार्कातली हरणं दाखवतो आणि घरी परततो. पुढच्या वेळी जमलं तर तिथेच असलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातही, म्हणजे आरस अन उख्तरानमध्ये, त्यांना न्या. तिथला फ्रान्सिनी कॉरिडॉर नीट बघा. भिंतीवरच्या त्या रोमन आकृत्या मूळच्या तिथल्या नाहीत. त्या साच्यातून काढलेल्या प्रती आहेत.

मूळ काम कॉर्कजवळ ग्लॅनमायरच्या रिव्हरस्टाउन हाउसमध्ये आहे. १७४५च्या सुमारास पाओलो आणि फिलिप्पो लाफ्रांकिनी या स्विस-इटालियन भावांनी एका बिशपच्या जेवणघरात ते केलं. छतावर 'काळ' हा 'सत्या'ला मत्सर आणि कलह यांच्या तावडीतून सोडवतो आहे. ही कल्पनाही त्यांची स्वतःची नव्हे. निकोला पूसँनं कार्डिनल रिशल्यूसाठी काढलेल्या चित्रावरून त्यांनी ती घेतली. म्हणजे चित्रावरून गिलाव्यातलं शिल्प आणि शिल्पावरून साचा.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ते घर पडीक होण्याच्या बेतात होतं. त्या वेळी सरकारी बांधकाम खात्याचे वास्तुविशारद रेमंड मॅकग्रा यांच्या पुढाकारानं साचे घेतले गेले आणि प्लास्टरच्या प्रती डब्लिनला बसवल्या गेल्या. पुढे १९६०च्या दशकात नव्या मालकांनी आयरिश जॉर्जियन सोसायटीच्या मदतीनं मूळ घरही वाचवलं. त्यामुळे आज मूळ काम आणि प्रत दोन्ही पाहता येतात.

प्रत म्हणून काम चोख आहे. मला खटकते ती जागा. या आकृत्या जेवायला बसलेल्या माणसांसाठी घडवल्या होत्या. निवांत बसून, पाहुण्याशी बोलता बोलता बघायच्या. कॉरिडॉरमधून मात्र माणूस चालत जातो. साच्यानं प्रत्येक चुणी उचलली, पण खोली काही त्याला उचलता आली नाही.

हे मला घरच्या ओट्यावर कळलं. गणपतीच्या मखरासाठी मी आजीच्या राजापूरच्या देव्हाऱ्यावरच्या लाकडी कमळाच्या प्रती करायला घेतल्या. कमळ तळाशी चिकटवलं, भोवती पुठ्ठ्याची चौकट केली, सिलिकोन एका कोपऱ्यातून बारीक धारेनं ओतलं. सिलिकोन लवचीक असतं, म्हणून आत वळलेल्या पाकळ्यांतूनही ते न फाटता सुटतं. साचा उत्तम निघाला. पहिली प्रत मात्र पावासारखी फुगली. पॉलीयुरेथेन रेझिनला ओल चालत नाही, आणि आयर्लंडमध्ये ओल नाही अशी जागा कुठली? दुसऱ्यांदा भांडी, काड्या सगळं कोरडं करून घेतलं, तेव्हा जमलं.

प्रत हातात आली तेव्हा दिसलं, की मूळ कमळाची एक पाकळी टवका उडालेली होती आणि तो टवकाही हुबेहूब उतरला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, पुटी भरून टाक ना." मी भरली नाही. पण तो टवका सोळा कमळांवर सारखाच दिसू लागला, तेव्हा आजीची आठवण राहिली बाजूला, नुसती नक्षी झाली. अखेर एकच तशी ठेवली आणि पंधरा भरून घेतल्या. पेणच्या कारखान्यांतही मूर्ती साच्यातून निघते, पण डोळ्यांची आखणी हातानंच होते. ते काम साच्यावर सोपवत नाहीत.

म्हणून प्रत खरी की खोटी, हा वाद मला फोल वाटतो. प्रत आपलं मूळ सांगते का, ते बघा. 'जुन्या वाड्याचा ब्रॅकेट' म्हणून विकलं जाणारं रेझिन कुठल्या वाड्याचं ते सांगत नाही. त्या कॉरिडॉरला निदान मूळ कारागिरांचं नाव आहे. साचे घेणाऱ्या हातांना त्या नावात जागा नाही, एवढी उणीव मी त्यात नक्की धरेन.

आमच्या कमळांच्या पाठीवर मी लिहिलं: आजीचा देव्हारा, राजापूर. पुढे सुताराचं नाव लिहायला गेलो आणि हात थांबला. घरात ते कुणालाच ठाऊक नाही. ती जागा मी रिकामी ठेवली आहे. तुमच्या घरी असं काही असेल, तर साचा करण्याआधी नाव विचारून घ्या. ज्यांना विचारायचं, ती माणसं अजून फोनवर भेटतात तोवरच.