पंख आणि पीस : डायनासोरविषयक मराठी लेखनातील शब्दघोळ

पक्ष्यांच्या उत्पत्तीवरील मराठी लेखनात 'पंखधारी डायनासोर' असा प्रयोग आढळतो. सदर प्रयोग दिशाभूल करणारा होय. पंख हा उडण्याचा अवयव, तर पीस हे त्वचेवरचे आच्छादन. चीनमधील ज्या सायनोसॉरोप्टेरिक्सचे वर्णन १९९६ साली प्रसिद्ध झाले, त्याच्या अंगावर तंतूंसारखी पिसे होती, पंख नव्हते. कॉडिप्टेरिक्सच्या (१९९८) हातांवर व शेपटीवर तर चांगली विकसित पिसे होती, तरी त्याला उडता येत नव्हते. म्हणजे पीस आधी, उड्डाण मागाहून. ऊब, प्रदर्शन असे पिसांचे आरंभीचे उपयोग असावेत. 'उडण्यासाठी पिसे आली' हे वाक्य व्याकरणात निर्दोष, शास्त्रात चूक. एक 'साठी' साऱ्या उत्क्रांतीला हेतू चिकटवतो.

उर्दूतील 'पर' पीस आणि पंख हे दोन्ही अर्थ वाहतो. त्यामुळे उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा घोटाळा अधिकच वाढतो. मादन हिप्परग्यासारख्या सीमाभागातील गावी मात्र उपाय शेजारीच आहे. कन्नडमध्ये 'गरी' म्हणजे पीस आणि 'रेक्के' म्हणजे पंख. मराठीतही हा भेद आहे. लेखक तो पाळत नाहीत, इतकेच. 'सपिच्छ' असा जड शब्द घडविण्याचेही कारण नाही, 'पिसांचा डायनासोर' पुरेसा आहे.

मायक्रोरॅप्टर गुईच्या (२००३) हातापायांवर लांब पिसे होती, तेथे 'चार पंखांचा' म्हणणे रास्त. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किओप्टेरिक्सला पिसे होती, पंख होते, शिवाय दात व लांब हाडांची शेपटीही होती. त्याचे वर्णन करताना दोन्ही शब्द लागतात.