आधी पाणी, मग बाप्तिस्मा

कळवणला आम्ही काही वाचक महिन्यातून एकदा जमतो. एका बैठकीत ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावर एका तरुणीने विचारले, “बाई नवऱ्यामागे गेली, त्यात धैर्य कसले?” प्रश्न बोचरा होता आणि प्रामाणिकही. हे टिपण त्याचेच उशिरा दिलेले उत्तर आहे.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये. नवऱ्यामागे जाणारी बाई पाच वर्षे लावत नाही. त्यांतला काही काळ त्या पंढरपूरला नातलगांकडे होत्या. पुढे नवऱ्याजवळ राहू लागल्या, तरी आपले सोवळे आणि स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. समीक्षेने या भागातला विनोद भरभरून वाखाणला. त्या विनोदाआड चाललेला निवाडा मात्र पुरेसा पाहिला नाही.

त्यासाठी पुस्तकाच्या आरंभाकडे परत जावे लागते. नाशिकजवळच्या जलालपूरचे ते माहेर, मीठसुद्धा धुऊन घेणारे सोवळेवेडे वडील. अशा घरात वाढलेल्या मुलीला पापाची पहिली कल्पना शिवाशिवीतूनच मिळते. म्हणून तिच्या श्रद्धेची खरी परीक्षा प्रार्थनामंदिरात होत नाही, पाण्याच्या भांड्यापाशी होते. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, असा निर्णय लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने घेतात आणि कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा क्रम मला निर्णायक वाटतो. टिळकांचे धैर्य उडी घेणाऱ्याचे. बाईंचे, एकेक पायरी चाचपून पाहणाऱ्याचे.

एक आक्षेप रास्त आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन घटनांनंतर तीन दशकांनी लिहिले गेले. इतक्या अंतरावरून स्मृती नीटनेटका क्रम लावून देते. नवऱ्यावरचे प्रेम या निर्णयात नव्हतेच, असेही म्हणता येणार नाही. पण आपली बाजू उजळायची असती, तर लेखिकेने स्वतःचा हट्ट, भीती आणि फजिती इतकी उघडी केली नसती. स्वतःला हसण्याची ही सवयच मला साक्षीची खूण वाटते.

पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशन सोडून संन्यास पत्करला. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले ते शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. मागे चालणारीचे हे काम नव्हे. आपले पाचारण तिने आपल्या पायांनी गाठले होते.

पुढच्या बैठकीत मी हे सारे मांडले. ती तरुणी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडे अजून पाणी देण्याआधी आडनाव विचारतात.” तिला उत्तर पटले की नाही, मी विचारले नाही. पुस्तक मात्र ती पुन्हा वाचायला घेऊन गेली.