निवृत्तीनंतरचे गाणे



या खेपेचा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांच्या भुवया उंचावतील. गेल्या शनिवारी शब्बात निघाल्यावर नातवाने आम्हाला शेजारी बसवून अमेरिकेतील जे-झी नावाच्या रॅप गायकाचा एक जुना अल्बम ऐकवला. म्हणाला, "सबा, ही सगळ्यांनी नापास केलेली वही आहे. तुम्ही तपासा." जन्मभर वह्या तपासलेल्या शिक्षकाला याहून मोठे आमिष कोणते?

रॅप म्हणजे ठेक्यावर, यमके जुळवीत, बोलणे आणि गाणे यांच्या मधल्या स्वरात केलेले कथन. ज्यांनी लहानपणी डफावर पोवाडा ऐकला, किंवा आपल्या समाजातील आब्राहाम-योसेफांच्या चरित्रांवरची मराठी कीर्तने ऐकली, त्यांना हा प्रकार अगदीच परका वाटू नये. फरक इतकाच की शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो आणि रॅपवाला बहुधा स्वतःचाच. भाषाही शिवराळ असते. त्याची तयारी ठेवावी.

जे-झीचे खरे नाव शॉन कार्टर. जन्म १९६९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील गरीब वस्तीतला. १९९६ पासून त्याने एकामागून एक अल्बम काढले, नाव व पैसा मिळवला आणि २००३ साली 'द ब्लॅक अल्बम' काढून निवृत्ती जाहीर केली. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा मोठा जलसाही झाला. पुढे तो डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीचा अध्यक्ष झाला. पण खुर्चीत मन रमले नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये तो 'किंगडम कम' घेऊन परतला. हे नाव एका चित्रकथेवरून घेतलेले आहे. तिच्यात निवृत्त झालेला सुपरमॅन जगाला वाचवायला पुन्हा येतो. यावरून स्वारीचा आविर्भाव ध्यानात यावा.

पहिल्याच आठवड्यात सुमारे ६,८०,००० प्रती खपल्या. परीक्षकांनी मात्र नाके मुरडली. आवाजातली धार गेली, संगीत सपाट झाले, आणि महागड्या वस्तूंचे व ऐषारामाचे वर्णन फार झाले, असा एकूण सूर होता. त्याच्याच जुन्या कामाशी तुलना करून बहुतेकांनी गुण कापले.

आम्ही अल्बम दोनदा ऐकला. नातवाने अर्थ सांगितला. आमच्या मते परीक्षकांचा निकाल बरोबर होता, पण काहींनी त्याचे कारण चुकीचे दिले. 'वय झाले' हे कारण नव्हे. छत्तिसाव्या वर्षी कसले वय होते? खरा दोष असा की, वय झाले नाही हे सिद्ध करण्यातच त्याने शक्ती घालवली. तिशीतल्या माणसाचा रुबाब विशीतल्या पोरांपेक्षा कसा वरचढ, हे पटवायला एक अख्खे गाणे खर्ची घातले आहे. ज्याचा रुबाब खरा असतो, त्याला तो पटवून द्यावा लागत नाही.

याच वहीत दोन पाने चांगली आहेत, आणि ती सोडून देणे अन्यायाचे होईल. 'लॉस्ट वन' या गाण्यात तो तुटलेल्या नात्यांविषयी आणि गाडीच्या अपघातात गेलेल्या भाच्याविषयी बोलतो. 'मायनॉरिटी रिपोर्ट' हे २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या गरिबांचे जे हाल झाले, त्यावर आहे. आपण पैसे दिले, पण वेळ दिला नाही, अशी कबुली तो तिथे देतो. या दोन ठिकाणी बढाई थांबते आणि माणूस बोलू लागतो. नातू भाषांतर करता करता गप्प झाला, तो इथेच.

पुढची हकीकत बोधप्रद आहे. २०१३ साली जे-झीने स्वतःच्या अल्बमांची क्रमवारी लावली आणि 'किंगडम कम' सर्वांत शेवटी टाकला. आपल्याच वहीवर लाल शाई चालवणारे लेखक आम्ही फार पाहिले नाहीत. मग २०१७ मध्ये, सत्तेचाळीसाव्या वर्षी, त्याने 'फोर फोर्टीफोर' काढला. त्यात पत्नीची उघड माफी आहे, आईविषयीचे प्रेम आहे, मुलांसाठी काय मागे ठेवावे याचा विचार आहे. परीक्षकांनी त्याची वाखाणणी केली. वय तर अकरा वर्षांनी वाढलेच होते!

निवृत्तीनंतर आम्हालाही एकदा एका वर्गावर बोलावले होते. मुलांना आवडावे म्हणून आम्ही तरुणपणचे विनोद करीत बसलो. मुले सभ्यपणे हसली. पुन्हा बोलावणे आले नाही. त्या दिवशी कोकणातल्या आमच्या शाळेची, दिव्याच्या काचा पुसून केलेल्या अभ्यासाची गोष्ट सांगितली असती, तर कदाचित ऐकली असती. म्हणून या गायकाची फजिती आम्हाला जवळची वाटली.

आपल्या मोअदोनमध्ये सणावाराला कोणी ऐंशीचे गृहस्थ गायला उठले की मागे कुजबूज होते, "आता पुरे." आमचे म्हणणे, त्यांना जरूर गाऊ द्यावे. त्यांनीही विशीतला आवाज काढायचा खटाटोप न करता, ऐंशीव्या वर्षी जे ठाऊक झाले, तेच गावे.

नातवाने गुण विचारले. आम्ही शंभरात चाळीस दिले, आणि खाली शेरा लिहिला: 'विद्यार्थी हुशार आहे. स्वतःचे लिहावे.'