नाव, वर्गणी आणि वक्त्याचे उत्तरदायित्व

हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांचा ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ हा ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला. स्टुअर्ट ब्रँड व लॅरी ब्रिलियंट यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापिलेले ‘वेल’ हे संगणकीय चर्चामंडळ त्याचा मुख्य आधार होय. तेथे बोलू इच्छिणारास आरंभीच्या काळात दरमहा ८ डॉलर व शिवाय तासामागे २ डॉलर भरावे लागत. निनावी लेखनाची सोय मूळ यंत्रणेत असूनही ब्रँड यांच्या आग्रहामुळे ती देण्यात आली नाही. टोपणनाव घेता येई. परंतु प्रत्येक मजकुरास लेखकाचे कायमचे सदस्यनाम जोडलेले असे. ग्रंथकाराने या मंडळातील आपुलकीचे जे चित्र रेखाटले आहे ते वाचून, वर्गणी घ्यावी व ओळख पटवावी म्हणजे संभाषण आपोआप शुद्ध होते, असा समज सहज होतो. तो तपासून घेणे अवश्य आहे.

वर्गणी, पटविलेली ओळख आणि स्थिर नाव या तीन भिन्न गोष्टी आहेत. वर्गणीमुळे हाकलून दिलेल्या उपद्रवी माणसास नव्या नावाने परत येणे महाग पडते; पण त्याच उंबरठ्यावर निर्धन वक्ताही अडतो. शिवाय पैसा म्हणजे ओळख नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने दरमहा ८ डॉलरला निळी खूण विकावयास काढताच एका औषध कंपनीच्या नावाने इन्सुलिन फुकट मिळणार असल्याची खोटी घोषणा झळकली.

पटविलेल्या ओळखीची कसोटी दक्षिण कोरियात लागली. तेथे २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर मत मांडण्यापूर्वी ओळखीची खातरजमा सक्तीची होती. २०११ मध्ये अशाच एका सेवेतून सुमारे साडेतीन कोटी सदस्यांची माहिती चोरीस गेली. २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरविला. बेकायदा मजकूर लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, उलट अभिव्यक्तीस मात्र बाध येतो, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

मग ‘वेल’मध्ये काय साधले? उत्तर तिसऱ्या घटकात आहे. गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने लिहीत होते. ते नाव जन्मनाव नव्हते, तथापि ते पत्रागणिक बदललेही नाही. वाचक कालच्या विधानाचा जाब आजच्या पत्रास विचारू शकत होता. उत्तरदायित्व येते ते या सातत्यातून. दाखल्यावरील नाव वक्त्यास शासनापुढे उभे करते, स्थिर नाव त्यास श्रोत्यांपुढे उभे करते.

ग्रंथातील निरीक्षण खरे आहे. त्याची कारणमीमांसा मात्र अपुरी राहते. हा भेद लक्षात न घेता नियम केले, तर ज्यास खरे बोलण्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते, तोच प्रथम गप्प होईल.