उन्हाने किती माणसं गेली, हे कोण ठरवतं?

मृत्यूच्या आकडेवारीवर संशोधन करायचं ठरवत असाल, तर एरिक क्लिनेनबर्ग यांचं ‘हीट वेव्ह’ दोनदा वाचा. पहिल्यांदा समाजशास्त्र म्हणून. दुसऱ्यांदा जरा संशयाने, त्यातला पुरावा आला कुठून हे बघत. ही पोस्ट दुसऱ्या वाचनाबद्दल आहे.

पुस्तक २००२ मध्ये आलं, लेखकाच्या पीएचडीच्या कामातून. विषय आहे जुलै १९९५ मध्ये शिकागोत आलेली उष्णतेची लाट. लेखक आपल्या पद्धतीला ‘सोशल ऑटोप्सी’, म्हणजे सामाजिक शवविच्छेदन म्हणतात. डॉक्टर देह उघडून मरणाचं कारण शोधतो, तसं शहर उघडून बघायचं. कल्पना झकास आहे. पण मग खरं शवविच्छेदन करणारं कार्यालय त्या दिवसांत नेमकं काय करत होतं, हे विचारायलाच हवं.

शिकागो येतं कुक काउंटीत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. अमेरिकेत संशयास्पद, हिंसक किंवा अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी काही ठिकाणी कॉरोनर करतो, काही ठिकाणी मेडिकल एक्झामिनर. कॉरोनर बहुतेक वेळा निवडून येतो, आणि तो डॉक्टर असेलच असं नाही. मेडिकल एक्झामिनर हा नेमलेला डॉक्टर असतो. कुक काउंटीने १९७६ मध्ये कॉरोनर बंद करून मेडिकल एक्झामिनरचं कार्यालय आणलं. (मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनर होता, हे आता फारसं कुणाला आठवत नाही.)

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शहरातला प्रत्येक मृत्यू या कार्यालयाकडे जात नाही. म्हातारा माणूस जुन्या हृदयविकाराने गेला आणि त्याच्या नेहमीच्या डॉक्टरने प्रमाणपत्रावर सही केली, की विषय संपला. कार्यालयाकडे येतात ते उरलेले. जो येतो त्याचंही दर वेळी शवविच्छेदन होतंच असं नाही. घटनास्थळाची पाहणी, शेजाऱ्या-नातेवाइकांकडून मिळालेली माहिती, जुने आजार, बाहेरून केलेली तपासणी, गरज पडली तर रक्तातल्या औषधांची किंवा विषाची चाचणी, या सगळ्यातून दोन गोष्टी ठरतात. एक, मृत्यूचं कारण. दुसरी, मृत्यूचा प्रकार: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध किंवा अनिश्चित. प्रमाणपत्रात मुख्य कारणाची जागा वेगळी आणि हातभार लावणाऱ्या आजारांची किंवा परिस्थितीची जागा वेगळी असते.

उष्णतेची अडचण अशी की ती देहात स्वतःची अशी ठोस खूण ठेवत नाही. गोळी लागली तर जखम दिसते. उन्हाने मेलेल्या माणसाचं हृदय उघडलं तर दिसतो बऱ्याचदा जुना हृदयविकारच. त्यामुळे त्या वेळचे मुख्य मेडिकल एक्झामिनर एडमंड डॉनह्यू यांनी तीन निकष वापरले. मृत्यूच्या वेळी किंवा लगेच नंतर शरीराचं तापमान १०५ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असणं. नाहीतर परिस्थितीचा भक्कम पुरावा, जसं की खिडक्या बंद, एसी नाही, खोली तापलेली. नाहीतर देह कुजलेला, दुसरं कारण दिसत नाही, आणि माणूस लाटेच्या दिवसांत शेवटचा जिवंत दिसलेला. यांपैकी एक पुरे.

महापौर रिचर्ड एम. डेली यांना हे पटलं नाही. लोक एरवीही मरतातच, सगळे उन्हाच्या खाती कशाला, असा त्यांचा सूर होता. पण केंद्र सरकारच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या अहवालात ११ ते २७ जुलैदरम्यान उष्णतेशी संबंधित म्हणून प्रमाणित झालेले मृत्यू ४६५ आहेत. दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे एरवी त्या दिवसांत जेवढे मृत्यू होतात त्यापेक्षा किती जास्त झाले असं मोजलं, तर १४ ते २० जुलै या एकाच आठवड्यात आकडा येतो ७३९. दोन मोजण्यांच्या तारखा वेगळ्या आहेत, तरी दिशा स्पष्ट आहे. कार्यालयाने आकडा फुगवला नव्हता, उलट बरेच मृत्यू त्याच्या हाती लागलेच नव्हते. क्लिनेनबर्ग हे सगळं उत्तम मांडतात. आकडा हा राजकीय वादाचा विषय कसा होतो, हे शिकायला पुस्तकातला हा भाग अजूनही पहिल्या नंबरचा आहे.

माझा आक्षेप इथून पुढे सुरू होतो.

पुस्तकाचा गाभा आहे ‘एकट्याने मरणं’. बंद खोलीत, कुणाला पत्ता नसताना गेलेली माणसं. त्यांच्यापर्यंत लेखक पोचतात ते मोठ्या प्रमाणात याच कार्यालयाच्या नोंदींमधून. आता वरचे निकष पुन्हा वाचा. बंद खिडक्या. तापलेली खोली. कुजलेला देह. सोबत कुणी असतं, तर खिडकी उघडली गेली असती आणि देह दिवसेंदिवस पडून राहिला नसता. म्हणजे निकषांतच एकटेपणा थोडा मिसळलेला आहे. भरल्या घरात उन्हाने हृदय बंद पडून गेलेली आजी ‘हृदयविकार’ म्हणून घरच्या डॉक्टरच्या सहीने निघून जाते, ती फाइल बनतच नाही. कार्यालयाची यात चूक नाही. प्रत्येक मृत्यूवर टिकेल अशी सही करणं हे त्याचं काम, समाजाचा नमुना निवडणं हे नाही. पण संशोधक त्या फायलींना नमुना मानतो, तेव्हा निवड कशी झाली हे त्याने सांगायला हवं. पुस्तक या निकषांचा महापौरांसमोर बचाव करतं, पण आपल्याच निष्कर्षावर त्यांचा काय परिणाम होतो याकडे पुरेसं वळत नाही.

वस्त्यांच्या प्रकरणात हे जास्त जाणवतं. नॉर्थ लॉनडेलमध्ये १९ मृत्यू, शेजारच्या साउथ लॉनडेलमध्ये ३. एका वस्तीत ओस पडलेले रस्ते, दुसरीत गजबज. या फरकावर मोठा युक्तिवाद उभा आहे, आणि तोही प्रमाणित मृत्यूंवरच. मिचेल ड्युनियर यांनी २००६ मध्ये ‘अमेरिकन सोशिओलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये यावर हल्ला चढवला: वस्तीचा गुण तुम्ही मेलेल्या व्यक्तीला चिकटवताय, ती व्यक्ती कशी जगत होती हे विचारलंत का? याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. क्लिनेनबर्ग यांनी त्याच नियतकालिकात तिखट उत्तर दिलं. ऐकीव माहितीवरून मृतांनाच दोषी ठरवताय, असा त्यांचा प्रत्यारोप होता. दोन्ही लेख एका बैठकीत वाचा. मला ड्युनियर यांचा प्रश्न बरोबर वाटतो, पण वर्षांनंतर शेजाऱ्यांना विचारून मिळालेलं उत्तर कच्चं वाटतं.

मग एकटेपणाचा मुद्दा खोटा का? नाही. यान सेमेंझा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेला अभ्यास बघा. त्यांनी मृतांच्या ३३९ नातेवाईक-शेजारी-मित्रांना प्रश्न विचारले, आणि त्याच वस्तीतल्या, त्याच वयाच्या तेवढ्याच माणसांशी तुलना केली. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी फक्त ‘उष्णता’ लिहिलेले मृत्यू घेतले नाहीत, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झालेलेही घेतले. तरीही एकटं राहणाऱ्यांना आणि रोज घराबाहेर न पडणाऱ्यांना धोका जास्त निघाला. क्लिनेनबर्ग यांचं म्हणणं उभं राहतं, पण त्याला खरा आधार मिळतो तो या तुलनेतून. नुसत्या फायली मोजून तो मिळाला नसता.

तुमच्या प्रस्तावात ‘मृत्यूचं कारण’ असा रकाना असेल, तर मार्गदर्शकाकडे जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. हा मृत्यू त्या कार्यालयापर्यंत पोचलाच कसा? सही करणाऱ्याकडे त्या क्षणी कोणता पुरावा होता? आणि मी जे सिद्ध करायला निघालोय, ते नोंदीच्या निकषातच आधीपासून बसलेलं नाही ना? तिसऱ्या प्रश्नावर अडखळलात, तर डेटा टाकून देऊ नका. तुलनेसाठी दुसरा गट शोधा.