व्हेरोनातले वैर आणि सोन्याचे दोन पुतळे

शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ म्हटले की प्रेम आठवते, बाल्कनी आठवते. मला मात्र वाटते, की आपल्यासारख्या इतिहासाच्या नादी लागलेल्यांनी हे नाटक त्यातल्या वैरासाठी वाचावे.

माँटेग्यू आणि कॅप्युलेट यांचे भांडण जुने आहे, एवढे सुरुवातीलाच कळते. पण ते लागले कशावरून? जमीन, मानपान, खून, देणेघेणे? पाच अंकांत कुठेच सांगितलेले नाही. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त पेशवाईची गादी समोर दिसत असते. इथे भांडणाला विषयच नाही, आणि शेक्सपिअरने तो मुद्दाम ठेवला नाही असे माझे मत आहे.

मूळ कथा त्याची नव्हे. १४७६ मध्ये मासुच्चो या इटालियन लेखकाने अशीच गोष्ट सिएना शहरात घडवली होती. १५३० च्या सुमारास लुइजी दा पोर्तोने ती व्हेरोनात आणली आणि मोंतेक्की व कापेल्लेत्ती ही घराणी घातली. ही नावे दान्तेच्या काव्यात आधीच शेजारी-शेजारी आली होती, पण तिथे ती इटलीतल्या दुहीची उदाहरणे आहेत. प्रेमकथेचा मागमूस नाही. १५६२ मध्ये आर्थर ब्रुकने यावर इंग्रजीत दीर्घकाव्य लिहिले. त्यात कथा काही महिने चालते आणि ज्युलिएट सोळाची आहे. शेक्सपिअरने सगळे चार-पाच दिवसांत कोंबले आणि तिला चौदाच्याही आत आणले. परिणाम काय? थांबून विचार करायला कुणालाच सवड उरत नाही.

आता वैर चालवतो कोण ते बघा. पहिली मारामारी नोकरांची. मालक मागाहून धावत येतात. मेजवानीत रोमिओ ओळखला जातो तेव्हा टिबल्ट चवताळतो, पण खुद्द म्हातारा कॅप्युलेट त्याला दटावतो. पोरगा सभ्य आहे, गावात त्याचे नाव चांगले आहे, राहू दे म्हणतो. म्हणजे घरच्या कर्त्यालाही वैराची फारशी हौस नाही. तरी ते चालूच. सवय झाली की कारण लागत नाही.

या नाटकावर नेहमीचा आक्षेप असा, की शेवट योगायोगावर उभा आहे: प्लेगच्या संशयावरून साधू जॉनला घरात कोंडतात आणि पत्र पोचत नाही. आक्षेप खरा, पण अर्धाच. पत्राची वेळच का यावी? बाप पॅरिसशी लग्न ठरवून मोकळा होतो, नाही म्हणालीस तर घराबाहेर काढीन म्हणतो. आई तोंड फिरवते. सांभाळलेली दाईसुद्धा पॅरिसच बरा म्हणते. घरात खरे बोलायला एक माणूस उरला असता, तर औषधाच्या कुपीची गरज पडली नसती.

आणि समेट? माँटेग्यू म्हणतो, ज्युलिएटचा पुतळा शुद्ध सोन्याचा उभारीन. कॅप्युलेट लगेच म्हणतो, तितकाच भारी रोमिओचाही तिच्याशेजारी. काल तलवारीने चालली ती बरोबरी आज सोन्याने. मर्क्युशिओ आणि पॅरिस दोन्ही घराण्यांचे नव्हते, राजाचे नातलग होते, आणि दोघेही यात मेले. आपण काणाडोळा केला याची ही शिक्षा, अशी कबुली राजा देतो. पण त्या दोघांच्या पुतळ्याची गोष्ट कुणी काढत नाही.

आजच्या व्हेरोनात ‘ज्युलिएटचे घर’ दाखवतात. वास्तू मध्ययुगीन, ती प्रसिद्ध बाल्कनी मात्र विसाव्या शतकात बसवलेली. नाटकात बाल्कनी हा शब्दसुद्धा नाही, आहे ती खिडकी. घराच्या चौकात ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याच्यासोबत फोटो काढायला गर्दी असते. वैराची खूण म्हणून तिथे काही दाखवत नाहीत.

आपण वाडे, समाध्या, वीरगळ शोधत हिंडतो. स्मारक कुणाचे हे विचारतोच. ते कुणी उभारले आणि त्यावर कुणाचे नाव आले नाही, हेही विचारायची सवय हे नाटक लावते. माझ्या मते त्याची थोरवी प्रेमाइतकीच यातही आहे.